गाभा आणि लेप

देहूरोडचे नाव निघाले की पुणेकराला सहसा दोन गोष्टी आठवतात. एक, लष्कराची कोठारे आणि दारूगोळ्याचा कारखाना. दुसरी, २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ते विहार. प्रस्तुत लेखाचा संबंध पहिल्या गोष्टीशी आहे, आणि तोही आडवळणाचा. देहूरोडची आयुध निर्माणी १९८४ सालची. धूर करणारी, इशारा देणारी आणि रात्री उजेड पाडणारी युद्धसामग्री हे तिचे क्षेत्र. उजेड पाडणाऱ्या दारूचा मुख्य घटक म्हणजे मॅग्नेशियमची पूड. ही पूड पेटली की डोळे दिपवते, पण तिचे पाण्याशी हाडवैर आहे. दमट हवेत ती हळूहळू कुजते, हायड्रोजन सुटतो, कणाकणावर हायड्रॉक्साइडची राखाडी साय धरते, आणि ऐन वेळी गोळा पेटत नाही किंवा मिणमिणतो. म्हणून या धंद्यात जगभर एक जुनी रीत आहे : मॅग्नेशियमचे कण आधी उकळलेल्या जवसाच्या तेलात किंवा तशाच एखाद्या लेपात घोळवायचे आणि मगच बाकीच्या मसाल्यात मिसळायचे. उजेडाचे श्रेय मॅग्नेशियमला जाते. जवसाच्या तेलाचे नाव कारखान्याबाहेर कोणी घेत नाही.

प्रकाश देणारा कण आणि त्याला पाण्यापासून वाचवणारा लेप, ही जोडी कितीतरी सूक्ष्म मापात देहूरोडपासून लोकलच्या अंतरावर असलेल्या पुण्याच्या प्रयोगशाळांतूनही नांदली आहे. हा इतिहास मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही. आणि जेथे सांगितला जातो तेथे गाभ्याचा सांगितला जातो, लेपाचा नाही.

२०२३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अलेक्सी एकिमोव्ह, लुइस ब्रस आणि मौंजी बावेंडी यांना क्वांटम डॉटसाठी मिळाले, तेव्हा सर्वत्र एकच गोष्ट वाचायला मिळाली : पदार्थ तोच, पण कणाचा आकार बदलला की रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा दोन-अडीच नॅनोमीटरचा कण हिरवट चमकतो, सहा नॅनोमीटरचा तांबडा. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, आणि चित्र काढून दाखवता येते. एकिमोव्ह यांनी लेनिनग्राडमध्ये १९८१ च्या सुमारास काचेत अडकलेल्या कॉपर क्लोराइडच्या कणांत हा परिणाम दाखवला. ब्रस यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो द्रवात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत पाहिला. बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एकसारख्या आकाराचे कण हुकमी तयार करण्याची कृती दिली. येथवर सर्व ठीक. पण याच कणांनी पुढे पेशीच्या आत दिवे लावले, कर्करोगाची गाठ उंदराच्या कातडीखालून चमकवली, असे पुढच्याच वाक्यात सांगितले जाते, तेव्हा मधली पंधरा वर्षे गिळली जातात. त्या पंधरा वर्षांत जी झटापट झाली ती जवळजवळ सगळी लेपासाठी होती.

ही झटापट का, हे समजायला थोडा हिशेब करावा लागेल. तीन नॅनोमीटर व्यासाच्या कणात मोजून पाचशेच्या आसपास अणू असतात, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे पृष्ठभागावर. पृष्ठभागावरच्या अणूचे काही बंध मोकळे राहतात. शेजारी असायला हवा तेथे शेजारी नसतो. कणावर प्रकाश पडला की आत एक इलेक्ट्रॉन उडतो आणि त्याच्या जागी एक पोकळी राहते. दोघे पुन्हा एकत्र आले की प्रकाश बाहेर पडतो. पण वाटेत हे मोकळे बंध खड्ड्यांसारखे पसरलेले असतात. इलेक्ट्रॉन त्यांतल्या एखाद्यात पडला की त्याची ऊर्जा उष्णतेत विरते आणि कण काळा राहतो. म्हणजे नुसता, उघडा कण सहसा नीट चमकत नाही. त्यातून असे उघडे कण एकमेकांना चिकटून गाळ होऊन तळाशी बसतात. आणि हवापाण्यात त्यांचे ऑक्सिडीकरण होते. लेपाने एकाच वेळी खड्डे बुजवायचे, कणांना एकमेकांपासून दूर ठेवायचे आणि बाहेरचे पाणी, हवा, प्रथिने यांना थोपवायचे. शिवाय लेप जाड होऊन चालत नाही, कारण जाड झाला की कणाचा लहानपणा, म्हणजे त्याचे सारे मोलच, जाते.

या कामाची पहिली मोठी पायरी मला बर्लिनची वाटते. आर्निम हेंग्लाइन आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात पाण्यात कॅडमियम सल्फाइडचे कलिल बनवत होते; कणांना तरंगत ठेवायला पॉलिफॉस्फेट वापरत. १९८७ साली त्यांनी दाखवले की द्रावण अल्कधर्मी करून जास्तीचे कॅडमियम घातले, म्हणजे कणावर कॅडमियम हायड्रॉक्साइडचा थर बसला, की प्रतिदीप्ती कमालीची वाढते. आत घेतलेल्या प्रकाशकणांपैकी निम्म्याहून अधिक प्रकाशरूपाने परत मिळू लागले. गाभा तोच, आकार तोच, बदलला फक्त वरचा थर. नोबेलच्या कथनात या प्रयोगाला जागा कमी मिळते हा मला त्या कथनाचा दोष वाटतो.

बावेंडींची १९९३ ची कृती मात्र पाण्यातली नव्हती. तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या ट्रायऑक्टिलफॉस्फीन ऑक्साइड नावाच्या तेलकट पदार्थात संयुगे एका झटक्यात टोचायची, की कण तयार होतात आणि तोच पदार्थ त्यांच्याभोवती लेप होऊन बसतो. कण अतिशय सारखे, पण अंगाला तेल चोपडलेले; पाण्यात उतरायला राजी नाहीत. १९९६ साली शिकागो विद्यापीठात मार्गरेट हाइन्स आणि फिलिप गियो-सियोन यांनी अशा कणांवर झिंक सल्फाइडचे कवच चढवले आणि चमक पन्नास टक्क्यांवर नेली. कवच फार जाड करता येत नाही, कारण दोन्ही स्फटिकांच्या मापांत सुमारे बारा टक्क्यांचा फरक आहे. थर वाढला की तो ताणाने तडकतो. चमक आली, तेलकटपणा राहिला. पेशी तर पाण्याच्या.

२५ सप्टेंबर १९९८ च्या ‘सायन्स’मध्ये या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच अंकात छापली गेली. बर्कलीच्या अलिविसाटोस गटाने कणाभोवती सिलिकाचे, म्हणजे काचेचेच, कवच घातले आणि उंदराच्या पेशींत दोन रंग एकाच वेळी दाखवले : तंतूंवर तांबडा, केंद्रकात हिरवा. इंडियाना विद्यापीठातील वॉरेन चॅन आणि शुमिंग नी यांनी सोपा मार्ग धरला. मर्कॅप्टोअ‍ॅसेटिक आम्ल नावाचा छोटा रेणू घेतला. त्याच्या एका टोकाला गंधक, दुसऱ्या टोकाला आम्लगट. गंधक कणावरच्या जस्ताला घट्ट धरतो, आम्लगट पाण्याकडे तोंड करतो आणि त्याच्यावर प्रथिनही बांधता येते. ट्रान्सफेरिन बांधलेले कण त्यांनी हीला पेशींच्या पोटात शिरताना पाहिले.

गंधकाने धरायचे ही युक्ती मात्र पुण्यात तोवर नवी राहिली नव्हती. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सुलभा कुलकर्णी यांचा गट १९९० च्या दशकात झिंक सल्फाइड आणि कॅडमियम सल्फाइडचे कण करीत होता आणि त्यांवर सेंद्रिय रेणूंचे लेप चढवीत होता. १९९५ साली ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मध्ये या गटाचे दोन निबंध आले : एक, मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाइडचे कण पाण्यात तयार करण्याची रीत, दुसरा, तांबे मिसळलेल्या कणांच्या हिरव्या प्रकाशाबद्दल. मँगनीजचा प्रकाश नारिंगी असतो आणि तो मँगनीजच्या अणूतून येत असल्याने कणाच्या आकाराने फारसा बदलत नाही. या कणांत रंग मिसळीने ठरतो. आकाराचा आणि लेपाचा प्रश्न उरतो तो टिकण्यापुरता आणि चमकण्यापुरता.

या विषयाला त्या वर्षांत जोर आला तो रामेश्वर भार्गव आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या निबंधामुळे. मँगनीज मिसळलेले अब्जांश कण अठरा टक्के कार्यक्षमतेने चमकतात, आणि नेहमीच्या मिलिसेकंदांऐवजी नॅनोसेकंदांत आपला प्रकाश टाकून मोकळे होतात, असा त्यांचा दावा होता. दाव्याच्या दुसऱ्या भागाने खळबळ उडाली. तो भाग टिकला नाही. १९९८ साली नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे बोल आणि मायेरिंक यांनी दाखवले की मँगनीज आपल्या जुन्या, संथ चालीनेच प्रकाशतो. पण त्या गडबडीत पुण्यासारख्या ठिकाणी, साध्या काचसामानात आणि कोठीच्या तापमानाला करता येण्याजोगे एक काम उभे राहिले, हे तिचे फळ म्हणायला हरकत नाही.

पुण्याच्या लेपांपैकी महत्त्वाचा म्हणजे मर्कॅप्टोइथेनॉल. रेणू लहान, एका टोकाला गंधक, दुसऱ्या टोकाला अल्कोहोलचा गट. याचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. कुजक्या अंड्याच्या जवळचा, पण अधिक चिवट. सन २००० मध्ये ‘लँगम्यूर’ या नियतकालिकात बर्लिनचे वाल्टर फोगेल यांच्यासह कुलकर्णी गटाचा जो निबंध आला त्याचा विषयच मर्कॅप्टोइथेनॉलने स्थिर केलेल्या १.४ नॅनोमीटरच्या, एकसारख्या झिंक सल्फाइड कणांची रचना आणि स्थैर्य हा होता. १.४ नॅनोमीटर म्हणजे शंभराहूनही कमी अणू. अशा कणाला पृष्ठभाग आहे असे म्हणणेच चुकीचे. तो जवळजवळ सगळा पृष्ठभागच आहे. लेप काढला तर उरेल काय, हा प्रश्न येथे तात्त्विक राहत नाही.

आता एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे स्थानिक संशोधनाबद्दल लिहिताना एक तर दुर्लक्ष होते नाहीतर आरती. पुण्यातली ही कामे पेशींच्या चित्रणाची कामे नव्हती. कण पाण्यात जन्मले होते, म्हणजे ज्या उंबरठ्यावर बर्कली आणि इंडियाना १९९८ मध्ये अडखळत होते तो त्यांनी जन्मतःच ओलांडला होता. कॅडमियम नसलेला गाभाही हाताशी होता. पण झिंक सल्फाइडला चमकवायला जे अतिनील किरण लागतात ते पेशीला भाजतात, आणि नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाच्या काचाही त्यांना नीट वाट देत नाहीत. चमक कॅडमियम सेलेनाइडच्या मानाने मंद. म्हणून जीवशास्त्रज्ञांनी तेलात जन्मलेले, विषारी गाभ्याचे, पण लखलखीत कण उचलले आणि लेपाचे दुखणे पत्करले. निवड अन्यायाची होती असे मला वाटत नाही. पण तिच्यामुळे पाण्यातल्या लेपांचा सारा आधीचा अभ्यास ‘प्राथमिक’ या सदरात गेला, आणि ते मात्र अन्यायाचे आहे.

याच शहरात आणखी एक धागा होता, आणि मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. १९८९ साली ‘नेचर’मध्ये डॅमरन आणि सहकाऱ्यांनी कळवले होते की काही जातींच्या यीस्टला कॅडमियम खाऊ घातले तर ते पेशीतच कॅडमियम सल्फाइडचे सुमारे दोन नॅनोमीटरचे स्फटिक तयार करते. यीस्टला क्वांटम डॉट बनवायचे नसतात. तिला विष बांधून टाकायचे असते. त्यासाठी ती ग्लुटाथायोनपासून छोट्या पेप्टाइडांच्या साखळ्या विणते. त्या साखळ्यांतील सिस्टाइनचा गंधक कॅडमियमला धरतो, सल्फाइड येऊन मिळते, स्फटिक बसतो आणि साखळ्या त्याच्या भोवती आवरण होऊन राहतात. म्हणजे गाभा आणि लेप एकाच हाताने. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर, मीनल कौशिक आणि सहकाऱ्यांनी कुलकर्णी आणि फोगेल यांच्यासह हे काम पुढे नेले आणि २००२ मध्ये शायझोसॅकरोमायसीस पोम्बे या यीस्टने केलेल्या कॅडमियम सल्फाइड कणांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अबसार अहमद, मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी पेशीच्या बाहेर, द्रावणातच, असे कण करते आणि तिचीच प्रथिने त्यांना स्थिर ठेवतात असे दाखवले.

आघारकर संस्थेच्या निबंधाचे शीर्षक वाचून मी थबकलो होतो. त्यात यीस्टच्या कणांपासून आदर्श डायोड तयार केल्याचा उल्लेख आहे. जिवंत पेशीने आपल्या जिवासाठी विणलेला, पाण्यात टिकणारा लेप हाती आला, आणि विचार गेला तो विद्युतमंडलाकडे. १९९८ चे ‘सायन्स’ चार वर्षांपूर्वी आलेले होते. तरीही दोष द्यावासा वाटत नाही. त्या काळी अब्जांश कण म्हटले की अर्धवाहक आणि अर्धवाहक म्हटले की डायोड अशीच मनाची वाट होती, आणि पदार्थविज्ञान विभागातली उपकरणेही त्याच वाटेवर उभी होती. पेशीतून आलेला कण परत पेशीत घालून पाहावा, हे सुचायला शेजारी सूक्ष्मदर्शकावर बसलेला जीवशास्त्रज्ञ लागतो. अशी शेजारे आपल्याकडे तेव्हा थोडी होती.

इकडे गंधकाच्या पकडीचे दोषही उघडे पडू लागले होते. २००१ मध्ये अर्कान्सा विद्यापीठातील अल्दाना, वांग आणि पेंग यांनी दाखवले की थायॉलचा लेप असलेल्या कॅडमियम सेलेनाइड कणांवर प्रकाश पडत राहिला की कणच लेपाचे ऑक्सिडीकरण घडवतो. दोन-दोन गंधक एकमेकांचे हात धरून कणापासून सुटतात, कण उघडा पडतो आणि शेवटी गाळ होतो. ज्या प्रकाशात कण पाहायचा तोच प्रकाश त्याचा लेप खातो. देहूच्या डोहात तेरा दिवस राहून गाथेच्या वह्या कोरड्या वर आल्याची कथा आपण श्रद्धेने सांगतो. रसायनशास्त्रात अशी सवलत नाही. एका गंधकाऐवजी दोन गंधकांनी धरणारे लेप आले. हेदी मत्तूसी आणि सहकाऱ्यांचे डायहायड्रोलिपोइक आम्ल २००० सालचे. दोन्ही हातांनी धरलेले एकदम सुटत नाही, इतका साधा तो तर्क. २००२ मध्ये दुबर्त्रे आणि सहकाऱ्यांनी निराळेच केले. तेलकट लेप काढायच्या भानगडीत न पडता त्यांनी अख्खा कण फॉस्फोलिपिडांच्या एका थेंबात बसवला, ज्याची बाहेरची बाजू पॉलिइथिलीन ग्लायकॉलची, पाण्याला सलगीची होती. हे कण आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणात टोचले तेव्हा पेशी विभागत गेल्या आणि त्यांच्यासोबत प्रकाशही वाटला गेला. तेलाचा लेप तसाच ठेवून त्यावर पाण्याचा लेप चढवायचा, ही तडजोड पुढे सर्वाधिक चालली.

विषाचा प्रश्न २००४ मध्ये स्पष्टपणे समोर आला. सॅन डिएगो येथे डर्फस, चॅन आणि संगीता भाटिया यांनी उंदराच्या यकृतपेशींवर प्रयोग केले. हवेत किंवा अतिनील किरणांत ठेवलेल्या उघड्या कणांतून कॅडमियम सुटते आणि पेशी मरतात. झिंक सल्फाइडचे कवच असेल तर हे बरेच थांबते, पण अतिनील किरणांचा मारा चालूच राहिला तर पूर्ण थांबत नाही. लेप हा आतापर्यंत चमकीचा आणि तरंगण्याचा प्रश्न होता; येथून तो जगण्यामरण्याचा झाला.

त्यानंतर शरीराने आपले मत दिले. पॉलिमरांचे जाडजूड लेप चढवलेले कण रक्तात टिकत, गाठीपर्यंत पोहोचत, पण नंतर यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसत आणि तेथून हलत नसत. २००७ साली फ्रँजिओनी आणि बावेंडी यांच्या गटांनी माप काढले : लेपासकट, पाण्याच्या वेष्टनासकट कणाचा व्यास ५.५ नॅनोमीटरच्या आत असेल तर मूत्रपिंड त्याला गाळून मूत्रावाटे बाहेर टाकते. त्यांनी अनेक लेप तपासले. ऋण भाराच्या किंवा धन भाराच्या लेपाला रक्तातली प्रथिने येऊन चिकटतात आणि कण फुगतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉल स्वतःच जाड. ज्या लेपाने कण लहानही राहिला आणि प्रथिनांनाही चिकटू दिले नाही तो होता सिस्टाइन, ज्याच्या अंगावर धन आणि ऋण दोन्ही भार असल्याने बाहेरून तो कोणाचाच वाटत नाही. ज्या सिस्टाइनच्या गंधकाने यीस्ट कॅडमियमला धरून ठेवते, तोच. आघारकर संस्थेतल्या बरण्यांत पाच वर्षांपूर्वी त्याचे पेप्टाइड कणांभोवती बसलेले होते. दोन्ही कामांचा एकमेकांशी संबंध नव्हता, आणि मीही तो ओढूनताणून जोडणार नाही. पण लेपाच्या दृष्टीने इतिहास लिहिला तर ही दोन नावे एकाच पानावर येतात, गाभ्याच्या दृष्टीने लिहिला तर येत नाहीत.

प्रयोगशाळेतील पेशी आणि उंदीर यांच्या पलीकडे, माणसाच्या शरीरात, कॅडमियमचे हे कण गेले नाहीत. गेले ते न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात उलरिक वीझनर यांनी विकसित केलेले कण. त्यांच्या गाभ्यात क्वांटम डॉट नाही. नेहमीच्या वापरातला एक सेंद्रिय रंग आहे, तो सिलिकाच्या कवचात बंद केलेला, आणि वर पॉलिइथिलीन ग्लायकॉल. सगळे मिळून सहा-सात नॅनोमीटर. २०११ साली त्यांना माणसांवरील पहिल्या चाचणीची परवानगी मिळाली, आणि २०१४ मध्ये मेलानोमाच्या पाच रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली : किरणोत्सारी आयोडीन जोडलेले ते कण शिरेतून दिले गेले, लेप शाबूत राहिला, आणि ते बहुतांशी मूत्रावाटे बाहेर पडले.